जनरल बुरहान, तारीख जाहीर करा

प्रति,
जनरल अब्देल फत्ताह अल-बुरहान,
अध्यक्ष, संक्रमणकालीन सार्वभौम परिषद, आणि सरसेनापती, सुदानी सशस्त्र दले

सन्माननीय जनरलसाहेब,

पुण्याजवळ खडकवासल्याला भारताची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे भावी अधिकारी तिथे घडतात. लाल दगडाची, वर घुमट असलेली तिची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर इटलीच्या सैन्यापासून सुदान सोडवताना भारतीय जवानांनी रक्त सांडले. त्याची आठवण म्हणून १९४१ मध्ये सुदान सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि ते या वास्तूच्या बांधकामाला लागले.

त्या मोहिमेत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे एक तरुण अधिकारी होते, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ च्या जानेवारीअखेरीस सुदान-इथिओपिया सीमेवरच्या गल्लाबात-मेतेम्माहून गोंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते चार दिवस जवळजवळ अखंड राबले आणि ५५ मैलांच्या पट्ट्यातली १५ सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी करून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी आपली जागा त्यांनी दुसऱ्याला घेऊ दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणीचे जवानही लढले आणि पडले. तेव्हा सुदानच्या लष्कराबद्दल महाराष्ट्रातून कुणी चार शब्द लिहिले, तर त्याला उंटावरून शेळ्या हाकणे समजू नये. हे ऋणानुबंध जुने आहेत.

आणखी एक धागा निवडणुकीचा आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना १९५३ मध्ये सुदानने बोलावून घेतले. सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. वाळवंट, नाईलचे खोरे, दक्षिणेतले दलदलीचे प्रदेश, फिरस्त्या टोळ्या आणि बहुसंख्य निरक्षर मतदार, अशा देशात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मतदान झाले. इस्माईल अल-अझहरी यांचा पक्ष जिंकला आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. म्हणजे सुदानी माणसाने मतपेटी आधी पाहिली आणि लष्करी राजवट नंतर. अरब आणि आफ्रिकी समाजांना लोकशाही झेपत नाही, असे जे जगभर सहजपणे बोलले जाते, त्याला सुदानचा हा प्रारंभच उत्तर देतो.

त्यानंतर जनरल आले. १९५८ मध्ये इब्राहिम अब्बूद, १९६९ मध्ये जाफर निमेरी, १९८९ मध्ये उमर अल-बशीर. पण सुदानचा इतिहास एवढ्यावर संपत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण त्या उरलेल्या इतिहासात आहे. सत्तेवर बसलेल्या लष्करशहाला निःशस्त्र लोकांनी रस्त्यावर उतरून घालवण्याची किमया या देशाने एकदा नव्हे, तीनदा केली. १९६४, १९८५ आणि २०१९. असा देश जगात शोधून सापडणे कठीण.

ऑक्टोबर १९६४ मध्ये खार्टूम विद्यापीठात पोलिसांच्या गोळीने अहमद अल-कुरशी हा विद्यार्थी मारला गेला. त्यातून सार्वत्रिक संप उभा राहिला आणि महिनाभरात अब्बूद पायउतार झाले. गोळीबार वाढवण्याची ताकद त्यांच्याकडे होती. ती त्यांनी वापरली नाही.

१९८५ ची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. निमेरी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. इकडे महागाईने लोक रस्त्यावर आले, डॉक्टर, वकील, अभियंते, बँक कर्मचारी, रेल्वे कामगार सगळ्यांनी काम थांबवले. ६ एप्रिल १९८५ रोजी सरसेनापती आणि संरक्षणमंत्री जनरल अब्देल रहमान सुवार अल-दहब यांनी निमेरींची राजवट बरखास्त केली आणि संक्रमणकालीन लष्करी परिषदेचे प्रमुख म्हणून देशाची सूत्रे हाती घेतली. एका वर्षात निवडणूक घेऊन बाजूला होईन, असे त्यांनी सांगितले. अशी वचने जगात शेकड्यांनी दिली गेली आहेत. सुवार अल-दहब यांनी मात्र पंतप्रधानपदी डॉक्टरांच्या संघटनेतून पुढे आलेल्या अल-जझूली दफाल्ला या मुलकी माणसाला बसवले, एप्रिल १९८६ मध्ये मतदान घेतले आणि मे महिन्यात सादिक अल-महदी यांच्या निर्वाचित सरकारकडे सत्ता सोपवून ते घरी गेले. सत्तेवर बसून उठेपर्यंत तेरा महिने.

त्यांच्या कारकिर्दीत उणिवा होत्याच. निमेरींनी १९८३ मध्ये लादलेले शरियाचे कायदे त्यांनी तसेच ठेवले. दक्षिणेतले युद्ध त्यांना थांबवता आले नाही. तिथल्या बंडखोरांचे नेते जॉन गरांग यांनी त्यांच्या परिषदेला निमेरी राजवटीचाच दुसरा अवतार ठरवले, आणि त्यात तथ्य होते. तीनच वर्षांत बशीर यांनी निवडून आलेले सरकार उलथवले, तेव्हा संक्रमणकाळात अर्धवट राहिलेल्या कामांची किंमत देशाने मोजली. तरीही सुवार अल-दहब यांचे नाव अरब जगात आजही आदराने घेतले जाते ते एकाच गोष्टीसाठी, शब्द पाळून सत्ता सोडली म्हणून. २००४ मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रियाधला त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुदान पुन्हा पेटला.

१९ डिसेंबर २०१८ रोजी अतबरा या रेल्वे कामगारांच्या गावात पावाच्या भाववाढीवरून लोक बाहेर पडले. बघता बघता मागणी पावावरून बशीर यांच्या राजीनाम्यावर गेली. साडेतीन महिन्यांनी, ६ एप्रिल २०१९ रोजी, हजारोंचा लोंढा खार्टूममधल्या लष्करी मुख्यालयासमोर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दिवस मुद्दाम निवडलेला होता, १९८५ च्या उठावाचा. जागाही मुद्दाम निवडलेली होती. लोक संसदेकडे किंवा राजवाड्याकडे न जाता सैन्याच्या दाराशी आले, कारण सैन्याने एकदा त्यांचे ऐकले होते.

त्या धरणे आंदोलनाचे वर्णन जगभरच्या वार्ताहरांनी लिहून ठेवले आहे. रेल्वेच्या लोखंडी पुलावर पोरे दगडांनी ताल धरत. डॉक्टरांनी तंबूत दवाखाने थाटले. शिक्षकांनी वर्ग भरवले. चहा विकणाऱ्या बायका फुकट चहा देऊ लागल्या. पैशांची खोकी उघडी ठेवलेली असत आणि वर मजकूर असे की असेल त्याने टाकावे, नसेल त्याने उचलावे. सुरक्षा यंत्रणांनी गर्दीवर गोळीबार केला तेव्हा काही कनिष्ठ अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी मुख्यालयाचे दरवाजे उघडून लोकांना आत घेतले, काहींनी त्यांच्यासाठी प्राणही दिले. ११ एप्रिलला बशीर गेले. त्यांच्या जागी आलेले इब्न औफ लोकांना मान्य नव्हते, ते एका दिवसात गेले.

आणि मग आपण आलात. १२ एप्रिलला आपण त्या गर्दीत उभे राहून आंदोलकांशी बोलत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. लष्करी वेशातला, राजकारणात फारसा कुणाला माहीत नसलेला एक जनरल, भोवती तरुण मुले, आणि तो त्यांचे ऐकून घेतोय. शेंडीजवळच्या गंदतू गावचा हा माणूस बशीर यांच्या आतल्या गोटातला नाही, असे तेव्हा सांगितले गेले. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवला तो भाबडेपणाने नव्हे. सुवार अल-दहब यांनी तो विश्वास कमावून ठेवला होता, आणि आपल्याला तो आयता मिळाला.

तो दोन महिनेही टिकला नाही. ३ जून २०१९, रमजान संपत आलेला, ईद तोंडावर. पहाटे सैनिकी गणवेशातले लोक त्या तंबूंवर तुटून पडले. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. कित्येक प्रेते नाईलमधून काढावी लागली. स्त्रियांवर बलात्कार झाले. देशाचे इंटरनेट महिनाभर बंद राहिले. हे सगळे घडले ते आपल्या मुख्यालयाच्या भिंतीलगत, आपण देशाचे प्रमुख असताना. वकील नबील अदीब यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, पण तिचा अंतिम अहवाल लोकांसमोर आलेला नाही.

एवढे होऊनही सुदानी लोकांनी वाटाघाटीचा रस्ता सोडला नाही. १७ ऑगस्ट २०१९ रोजी घटनात्मक दस्तऐवजावर सह्या झाल्या. संक्रमणाचा काळ ३९ महिन्यांचा. सार्वभौम परिषदेचे अध्यक्षपद पहिले २१ महिने लष्कराकडे, उरलेले १८ महिने मुलकी सदस्याकडे. शिवाय त्यात असेही कलम होते की संक्रमणकाळातली पदे भूषवणाऱ्यांना पुढच्या निवडणुकीत उमेदवार होता येणार नाही. ज्याच्या हाती पंचाची शिट्टी आहे त्याने मैदानात खेळायला उतरू नये, इतका तो साधा नियम होता. आपण त्या व्यवस्थेनुसार शपथ घेतलीत.

पंतप्रधान अब्दल्ला हमदोक यांच्या सरकारला दोन वर्षे मिळाली, तीही करोनाची आणि रिकाम्या तिजोरीची. तरी त्या दोन वर्षांत स्त्रियांच्या कपड्यांवर आणि वावरण्यावर चाबूक उगारणारा सार्वजनिक शिस्तीचा कायदा रद्द झाला. मुलींची खतना गुन्हा ठरली. दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या अमेरिकी यादीतून सुदानचे नाव डिसेंबर २०२० मध्ये निघाले. पुढच्या वर्षी कर्जमाफीचा मार्ग मोकळा झाला. मुलकी सरकार भांडखोर होते, पक्ष एकमेकांचे पाय ओढत होते, महागाईने लोक त्रासले होते, हे खरे. पण ते सरकार चुकले तर बदलता येईल अशी सोय होऊ घातली होती.

अध्यक्षपद मुलकी सदस्याकडे सोपवण्याची वेळ जवळ आली, आणि २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पहाटे हमदोक यांना अटक झाली. आपण आणीबाणी जाहीर केलीत. दुसऱ्या दिवशी आपण दिलेले कारण सुदानी माणूस विसरलेला नाही. देश यादवी युद्धाकडे चालला होता, तो रोखण्यासाठी सैन्याला पाऊल उचलावे लागले, असे आपण म्हणालात. जुलै २०२३ मध्ये निवडणूक घेऊ, असेही सांगितलेत. नोव्हेंबरमध्ये अल-जझीरा वाहिनीच्या मुलाखतीत, संक्रमणानंतरच्या सरकारात आपण नसाल, अशी ग्वाही दिलीत. जुलै २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलेत की लष्कर राजकीय चर्चेतून बाहेर पडते आहे, मुलकी मंडळींनी सरकार बनवावे. दरम्यान दर आठवड्याला मोर्चे निघत होते आणि दीड वर्षात शंभराहून अधिक आंदोलक मारले गेले.

जुलै २०२३ मध्ये खार्टूममध्ये मतदान केंद्रांऐवजी तोफा होत्या. यादवी युद्ध १५ एप्रिललाच सुरू झाले होते, आणि ते आपण व आपले उपाध्यक्ष यांच्यात होते.

उपाध्यक्ष म्हणजे मोहम्मद हमदान दगालो, हेमेदती. पश्चिमेकडच्या दारफुरमध्ये गावेच्या गावे जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांतून त्यांचे रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ, हे निमलष्करी दल बशीर यांच्या काळात उभे राहिले. त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली ती संक्रमणकाळातल्या लष्करी परिषदेने, आपल्या अध्यक्षतेखाली. २०२१ चा उठाव दोघांनी मिळून केला. मग आरएसएफने सैन्यात कधी विलीन व्हायचे यावर वाद पेटला. सैन्य म्हणत होते दोन वर्षांत, हेमेदती म्हणत होते दहा. ज्या दोन बंदूकधारी भागीदारांनी मुलकी सरकार बाजूला सारले, त्यांच्यात तिसरा मध्यस्थ उरलाच नव्हता.

भारतापर्यंत या युद्धाची झळ पहिल्याच आठवड्यात पोचली. 'ऑपरेशन कावेरी'त नौदलाची जहाजे पोर्ट सुदानला गेली, हवाई दलाच्या सी-१३० विमानाने खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यदनाच्या धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात उतरून १२१ जणांना आणले. एकूण ३,८६२ लोक बाहेर काढले गेले. जेद्दाहून आलेली काही विमाने मुंबईला उतरली. जे उतरले ते घरी गेले. सुदानी माणसाला असे घर राहिले नाही. एक कोटीहून जास्त लोक परागंदा झाले, कुणी देशातच दुसरीकडे, कुणी चाड, इजिप्त, दक्षिण सुदानकडे. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मदतीची गरज असलेल्यांचा आकडा तीन कोटींवर सांगितला. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास आहे.

आकडे मोठे झाले की डोळ्यांना दिसेनासे होतात, म्हणून एकच शहर पाहावे. उत्तर दारफुरची राजधानी एल-फाशर. मे २०२४ पासून आरएसएफने त्याला वेढा घातला, तो पाचशेहून अधिक दिवस चालला. धान्य संपले, तसे लोक 'अंबाझ' खाऊ लागले. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर घाण्यात जी पेंड उरते आणि जी आपल्याकडे गुराढोरांपुढे टाकतात, तीच ही. ती भिजवून, शिजवून मुलांना दिली जात होती. काही दिवसांनी तीही मिळेना. जवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला होता. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी सैन्याचा तळ पडला आणि आरएसएफ शहरात घुसली. सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि नातेवाईक मारले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले.

हे पाप हेमेदतींच्या दलाचे आहे, आणि ते सांगताना जीभ अडखळण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये पश्चिम दारफुरमधल्या एल-जेनेइनात मसालित समाजाच्या लोकांना वेचून मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आरएसएफच्या कृत्यांना वंशसंहार ठरवले. त्यांना शस्त्रे पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर होतो, अमिराती तो नाकारते. आपले समर्थक म्हणतात की अशा शत्रूशी लढणारे सैन्य हीच देशाची उरलेली एकमेव संस्था आहे, ती कोसळली तर सुदानही संपेल. या म्हणण्यात वजन आहे. मार्च २०२५ मध्ये सैन्याने खार्टूमचा राजवाडा परत घेतला, तेव्हा लोकांनी केलेला आनंद खोटा नव्हता. लुटारूंच्या हातून आपले घर सुटल्याचा तो आनंद होता.

पण देश वाचवण्यासाठी लढणे आणि देशाचे मालक होणे, या दोन गोष्टी आपण एकत्र बांधल्या आहेत, आणि आक्षेप त्या गाठीला आहे. सैन्याच्या विमानांनी उत्तर दारफुरमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये कबकाबियाच्या आणि मार्च २०२५ मध्ये तोराच्या भर बाजारावर बॉम्ब टाकले. तिथे मेलेले लोक भाजीपाला आणि धान्य घ्यायला आलेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हात युद्धबंदीच्या चर्चेला आपले शिष्टमंडळ गेले नाही. बशीर यांच्या काळातले इस्लामवादी गट स्वयंसेवक पलटणींच्या रूपाने आपल्या बाजूला उभे राहिले. २०१९ मध्ये लोकांनी ज्यांना घालवले, ते युद्धाच्या मागच्या दाराने परत येत आहेत.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, युद्धाच्या ऐन धुमाळीत, आपण घटनात्मक दस्तऐवजात दुरुस्ती केलीत. अध्यक्षांचे अधिकार वाढवलेत आणि संक्रमणकाळ नव्याने मोजायला सुरुवात केलीत. पुन्हा ३९ महिने. मे महिन्यात कामिल इद्रिस या मुलकी पंतप्रधानांची नेमणूक झाली, पण त्यांना नेमणारे आपण आणि काढू शकणारेही आपणच.

सुवार अल-दहब यांना तेरा महिने पुरले. आपल्याला त्या खुर्चीवर बसून सहा वर्षे कधीच उलटून गेली.

जनरलसाहेब, बंड करून किंवा बंडानंतर सत्तेवर आलेल्या सेनानीकडे मतांचे बळ नसते, वारसा नसतो. त्याची सारी अधिमान्यता एका तारखेवर उभी असते, ज्या तारखेला तो जाणार आहे त्या तारखेवर. ती पुढे सरकली की त्याच्या प्रत्येक हुकमाचा आधार सुटतो. आफ्रिकेत हे पाळणारे सेनानी झाले आहेत. मालीत अमादू तुमानी तूरे यांनी मार्च १९९१ मध्ये लष्करशहाला हटवले आणि जून १९९२ मध्ये निवडून आलेल्या अल्फा उमर कोनारे यांच्या हाती देश दिला. नायजेरियात जनरल अब्दुलसलामी अबुबकर जून १९९८ मध्ये आले आणि २९ मे १९९९ रोजी गेले. त्यांनी सोडून दिलेल्या देशांत पुढे सगळे सुरळीत झाले असे नाही. मालीत तर नंतरही लष्करी बंडे झाली. पण त्यांनी सत्ता सोडल्यामुळे रक्तपात झाला, असे कुणाला म्हणता येणार नाही. आपण सत्ता धरून ठेवल्यामुळे काय झाले, ते सारे जग पाहते आहे.

आपल्यानंतर राज्य कोण चालवणार, हा प्रश्न खार्टूमच्या सत्ताधाऱ्यांकडून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर सुदानच्या गल्लीबोळांत तयार आहे. २०१९ मध्ये ज्या पोरापोरींनी मुख्यालयासमोर चहा-पाण्याची सोय केली, त्यांच्याच वस्तीवस्तीतल्या 'प्रतिकार समित्यां'तून युद्ध सुरू झाल्यावर 'आपत्कालीन मदत कक्ष' उभे राहिले. मोठमोठ्या हंड्यांत फूल नावाच्या वालासारख्या कडधान्याची आणि मसूर डाळीची उसळ शिजते, गॅस नाही म्हणून लाकडे जाळून. लोक घरून पातेली घेऊन रांगेत उभे राहतात. पैसा परदेशी गेलेल्या सुदानी माणसांकडून मोबाइलवर येतो. हेच स्वयंसेवक जखमींना दवाखान्यात नेतात, पाण्याचे पंप चालू ठेवतात, मृतांना दफन करतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी मदत आटली तेव्हा शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली, तरी बाकीची तगून राहिली. त्याच वर्षी या कक्षांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार मिळाला. आरएसएफने त्यांचे कार्यकर्ते पकडले, आणि सैन्याच्या हद्दीतही त्यांना संशयाने वागवले गेले, अटका झाल्या. ज्यांनी सरकार नसताना माणसे जगवली, त्यांना राज्यकारभारात जागा नाही असे कुठल्या तोंडाने म्हणता येईल?

म्हणून या पत्रातल्या मागण्या थोड्या आणि मोजता येण्याजोग्या आहेत.

मदतीचे रस्ते मोकळे करा. एल-ओबेद, कादुगली, दारफुर, कुठेही अन्नाची वाहने अडवू नका, आणि मदत कक्षांच्या स्वयंसेवकांना सोडून द्या. अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिरातीने सप्टेंबर २०२५ मध्ये मानवतावादी युद्धबंदीचा जो आराखडा मांडला, त्यात अमिरातीच्या नावावर आपला आक्षेप आहे. तो समजण्यासारखा आहे. मग आपला आराखडा मांडा, पण चर्चेच्या टेबलाकडे पाठ फिरवू नका. शत्रूने युद्धबंदी मोडली तर ते जगाला दिसेल.

३ जून २०१९ च्या हत्याकांडाचा तपास पूर्ण करून अहवाल प्रसिद्ध करा. त्यात आपल्या अधिकाऱ्यांची नावे असली तरी.

मुलकी पंतप्रधानांना नेमण्या-काढण्याचा अधिकार एका माणसाच्या हातून काढून घ्या. आणि २०१९ च्या दस्तऐवजातली उमेदवारीबंदी आपल्या नावानिशी पुन्हा जाहीर करा, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर अब्देल फत्ताह अल-बुरहान हे नाव नसेल, हे आजच सुदानला कळेल.

शेवटची मागणी तारखेची. युद्ध संपले की पाहू, असे म्हणू नका. युद्ध संपवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याच मुक्कामाची मुदत युद्धावर अवलंबून ठेवली तर ते कधीच संपणार नाही. तारीख दूरची असली तरी चालेल. ती आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रांच्या साक्षीने लेखी द्या, आणि ती बदलण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नका. १९८६ मध्ये सुदानी सैन्याने हे केले होते. आपल्या हातून ते अजूनही होऊ शकते. जनरलसाहेब, तारीख जाहीर करा.

कळावे,
सुदानी जनतेचा हितचिंतक,
पुणे